शिक्षा कोर्टाची, तुरुंग सरकारचा

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

गेल्या वर्षी आमच्या राज्यशास्त्र मंडळाने सत्र न्यायालयाला भेट देण्याचा कार्यक्रम आखला होता. आम्ही वीसएक विद्यार्थी आणि बरोबर आमचे सर, असे सगळे मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसलो होतो. खटला गावातल्या एका मारामारीचा होता. तीत एका माणसाला कायमचे अपंगत्व आले होते. साक्षीपुरावे, उलटतपासणी, युक्तिवाद हे सारे पूर्वीच आटोपले होते आणि त्या दिवशी फक्त निकाल होता. न्यायाधीशांनी आरोपीला दोषी ठरवले, शिक्षेबाबत काही सांगायचे आहे का असे विचारले आणि थोड्या वेळाने शिक्षा सुनावली : सात वर्षे सक्तमजुरी, दंड, आणि दंड न भरल्यास आणखी काही महिने कैद. शिक्षा ऐकवून संपायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

बाहेर व्हरांड्यात आरोपीची आई बसली होती. अंगावर विटलेले लुगडे, हातात कापडी पिशवी. वकील बाहेर येताच ती उठून त्यांच्याकडे गेली. किती वर्षे झाली, दंड किती भरायचा, अपील करता येते का, यातले तिने काहीच विचारले नाही. तिने विचारले ते एवढेच :

"वकीलसायेब, पोराला आता कुटं नेनार?"

"ते कोर्ट सांगत नाही, मावशी. आज इथल्याच तुरुंगात जाईल. पुढं कुठं पाठवतील ते तुरुंगवाले ठरवतील."

"मग मला कोन सांगनार?"

या दुसऱ्या प्रश्नाला वकिलांनी काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही. परतताना एसटीत मी सरांना विचारले, "सर, एवढा मोठा निकाल दिला आणि शिक्षा भोगायची कुठे हेच कोर्टाने सांगितले नाही, असे कसे?" सर हसले आणि म्हणाले, "शोधून काढ, आणि वार्षिकाला लेख दे." तेव्हापासून वर्षभर जे वाचले आणि जाणत्यांना विचारून घेतले, त्यातून हा लेख तयार झाला आहे.

निकालात काय असते आणि काय नसते

न्यायाधीशाने शिक्षा दिली म्हणजे नेमके काय ठरवले, हे आधी पाहू. आरोपी दोषी आहे की नाही हे तो ठरवतो. कैद सक्तमजुरीची की साधी, हे तो ठरवतो. मुदत तो ठरवतो. दोन गुन्ह्यांच्या दोन शिक्षा एकदमच भोगायच्या की एकामागून एक, हेही तोच सांगतो. फार काय, सक्तमजुरीच्या शिक्षेत काही काळ कैद्याला एकांतात ठेवावे, असाही हुकूम न्यायाधीश देऊ शकतो. जुन्या भारतीय दंड विधानाच्या ७३ व्या कलमात त्याची मर्यादा सांगितली होती, ती अशी की सगळे मिळून तीन महिन्यांपेक्षा अधिक एकांतवास नाही. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम राहिली आहे.

म्हणजे कैद्याच्या कोठडीत दुसरा माणूस असावा की नसावा इतक्या बारीक गोष्टीत न्यायालयाला अधिकार आहे. पण ती कोठडी येरवड्याला असावी की नागपूरला, हे त्याच्या हातात नाही. तो अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेने राज्य सरकारला दिलेला आहे. १९७३ च्या संहितेत हे कलम ४१७ होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४५७ वे झाले. त्याचा आशय असा की, दुसऱ्या एखाद्या कायद्यात वेगळी तरतूद नसेल, तर कैदेस पात्र झालेल्या माणसाला कोणत्या ठिकाणी ठेवायचे ते राज्य सरकार ठरवील.

न्यायालय करते ते एवढेच की, शिक्षा सुनावल्यावर ताबडतोब एक वॉरंट तयार करून तुरुंगाकडे पाठवते. हे वॉरंट त्या तुरुंगाच्या प्रमुखाच्या नावे असते. कैद्याचे नाव, गुन्ह्याचे कलम, शिक्षेची मुदत आणि 'यास ताब्यात घेऊन शिक्षेची अंमलबजावणी करावी' अशा अर्थाचा आदेश, एवढा त्यातला मजकूर. हा कागद न्यायालयातून निघाला की माणूस एका हातातून दुसऱ्या हातात जातो. न्यायसंस्थेचे काम तिथे संपते आणि शासनाचे सुरू होते. सत्ताविभाजनाचे तत्त्व आपण पहिल्या वर्षी पाठ करतो. ते प्रत्यक्षात कसे असते हे मला त्या कागदाची माहिती झाल्यावर कळले.

शिक्षेची जागा न्यायाधीश स्वतः ठरवतो अशी एक गमतीची शिक्षा मात्र आहे. किरकोळ गुन्ह्यात 'न्यायालय उठेपर्यंत कैद' अशी शिक्षा होते, ती भोगण्याची जागा म्हणजे त्याच न्यायालयाची खोली. संध्याकाळी साहेब उठले की कैद संपली!

लोकमान्यांची शिक्षा आणि मंडाले

ही विभागणी आजची नव्हे. मराठी माणसाच्या मनात काही तुरुंगांची नावे देवळांच्या नावांसारखी बसलेली आहेत. त्यातले पहिले नाव मंडाले. २२ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड सुनावला. या शिक्षेत मंडालेचे नाव कुठेही नव्हते. टिळकांना प्रथम साबरमतीच्या तुरुंगात नेण्यात आले. पुढे काळ्या पाण्याऐवजी साधी कैद, असा बदल सरकारने केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला पोहोचवले. म्हणजे सहा वर्षे न्यायमूर्तींची आणि मंडाले सरकारचे. आपण मात्र 'दावरने टिळकांना मंडालेला पाठवले' असे सहज बोलून जातो.

हे अंतर किती होते याचा हिशेब मैलांत करू नये. जून १९१२ मध्ये सत्यभामाबाईंचे पुण्यात निधन झाले, त्या वेळी टिळक मंडालेत होते. ही बातमी त्यांना तिथेच समजली. 'पत्नीच्या अंत्यकाळी जवळ असता कामा नये' अशी शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने दिलेली नव्हती. ती त्या जागेने दिली. गीतारहस्य मंडालेत लिहिले गेले हे आपण अभिमानाने सांगतो आणि तो अभिमान योग्यच आहे; पण त्या ग्रंथाच्या दुसऱ्या पानावर हेही लिहिलेले आहे असे मला आता वाटते.

दुसरे उदाहरण महात्मा गांधींचे. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी त्यांना सहा वर्षे साध्या कैदेची शिक्षा दिली. शिक्षा देताना त्यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला दिला होता. गांधीजी अहमदाबादचे, खटला अहमदाबादेत, साबरमतीचा तुरुंग तर आश्रमाच्या शेजारीच. पण काही दिवसांतच त्यांना पुण्याला येरवड्यास हलवण्यात आले. तुरुंग आश्रमाच्या इतका जवळ असणे सरकारला परवडण्यासारखे नव्हते, हे उघड आहे.

तिसरे उदाहरण आपल्या वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याचे आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. तीच 'गीता प्रवचने'. पुढे गुरुजी नाशिकच्या तुरुंगात गेले आणि तिथे १९३३ च्या फेब्रुवारीत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. या दोघांना एकाच वेळी धुळ्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाही, पण त्याच्या एका सहीने मराठीवर केवढे उपकार केले! तुरुंगाची जागा ठरवणारी सही कधी पत्नीला पारखी करते, तर कधी एखाद्याला जन्माचा गुरू भेटवते. दोन्ही वेळा ती सही न्यायाधीशाची नसते.

काळ्या पाण्याची शिक्षा १ जानेवारी १९५६ पासून कायद्यातून गेली. दंड विधानात दुरुस्ती होऊन तिच्या जागी 'आजन्म कारावास' हे शब्द आले. काळे पाणी ही अशी शिक्षा होती की तिच्या नावातच जागा होती, घरापासून दूर लोटणे हाच तिचा गाभा होता. ती रद्द झाली याचा अर्थ, माणसाला त्याच्या माणसांपासून तोडणे हा शिक्षेचा हेतू राहिला नाही, असा घ्यायला हवा. तो तसा घेतला जातो का, हा प्रश्न आहे.

तुरुंगवाले कसे ठरवतात

वकिलांनी म्हटलेले 'तुरुंगवाले' म्हणजे कोण? राज्य सरकारने हा अधिकार व्यवहारात कारागृह खात्याकडे सोपवलेला असतो. खात्याचे प्रमुख, विभागांचे अधिकारी आणि प्रत्येक तुरुंगाचा अधीक्षक, अशी ती उतरंड. एका तुरुंगातून राज्यातल्या दुसऱ्या तुरुंगात कैदी हलवण्याचा अधिकार १९०० सालच्या बंदी अधिनियमाने सरकारला दिला.

निवड करताना पहिली चाळणी कायद्याचीच असते. १८९४ च्या तुरुंग अधिनियमाच्या २७ व्या कलमाप्रमाणे स्त्रियांना पुरुषांपासून, एकवीस वर्षांखालील पुरुषांना मोठ्यांपासून, 'कच्च्या' कैद्यांना 'पक्क्यां'पासून आणि दिवाणी कैद्यांना फौजदारी कैद्यांपासून वेगळे ठेवायचे असते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे तो. पक्का म्हणजे ज्याला शिक्षा झाली तो.

दुसरी चाळणी मुदतीची. थोड्या दिवसांची शिक्षा असेल तर माणूस बहुधा जिल्ह्याच्याच तुरुंगात राहतो. मुदत मोठी असेल तर त्याला मध्यवर्ती कारागृहात हलवतात, कारण सक्तमजुरीला लागणारे कारखाने, शेती, रुग्णालय आणि बंदोबस्त हे सर्व तिथे असते. महाराष्ट्रात येरवडा, नाशिकरोड, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगरचे हर्सूल, कोल्हापूरचे कळंबा, ठाणे, मुंबईचे आर्थर रोड आणि तळोजा ही मध्यवर्ती कारागृहे आहेत. फाशीची व्यवस्था फक्त येरवडा आणि नागपूर येथे आहे. म्हणून २०१२ मध्ये अजमल कसाबला येरवड्यात आणि २०१५ मध्ये याकूब मेमनला नागपुरात फाशी देण्यात आली, जरी दोघांचेही खटले मुंबईत चालले होते.

तिसरी चाळणी माणसाची. पहिलाच गुन्हा की सराईत? तुरुंगात त्याचे टोळीवाले आहेत का, वैरी आहेत का? आजार कोणता? आणि चौथी, जिच्यापुढे बाकीच्या तिन्ही वाकतात, ती म्हणजे जागा आहे का? २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती, तर जागा सुमारे ४ लाख ३६ हजारांची. त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते. अशा गर्दीत 'घराजवळचा तुरुंग' ही गोष्ट अधिकाऱ्याच्या यादीत खाली सरकते. यात त्याची क्रूरता असतेच असे नाही. खाटांचा हिशेब त्याला कसाही जुळवायचाच असतो.

याच यादीत एक चांगले दारही आहे, ते म्हणजे खुला तुरुंग. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत उभी राहिली. भिंत नाही, कुलूप नाही. कैद्यांनी शेती करायची आणि कुटुंबासह राहायचे. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. पैठणला १९६८ पासून खुले कारागृह आहे. येरवडा आणि मोर्शी येथेही आहे. शिक्षेचा काही भाग चांगल्या वर्तणुकीने भोगलेल्या कैद्यातून तिथल्यासाठी निवड होते. ही निवडही न्यायालय करत नाही, खात्याची समिती करते.

घरापासून दूर, म्हणजे किती दूर?

मुंबई ते नागपूर रेल्वेने ८०० किलोमीटरहून अधिक आहे. नकाशावर दोन्ही एकाच राज्यात असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ही बदली 'राज्यांतर्गत' होते. पण रोजंदारीवर जगणाऱ्या घराला एका मुलाखतीसाठी (तुरुंगातल्या भेटीला मुलाखतच म्हणतात) जायला एक दिवस, यायला एक दिवस, मध्ये भेटीचा दिवस, म्हणजे तीन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे मोजावे लागते. भेट मिनिटांची असते. अशी भेट पहिल्या वर्षी तीन-चारदा होते, दुसऱ्या वर्षी एकदा, आणि पुढे पत्रावर भागते.

याचा परिणाम भावनेपुरता राहत नाही. संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे ज्यांना आपण फर्लो आणि पॅरोल म्हणतो, त्यांसाठी घरच्या माणसाने जामीन राहावे लागते, कागद फिरवावे लागतात. अपील करायचे तर वकिलाशी बोलणे हवे. जो माणसांपासून तुटला, त्याचे हे सगळे मार्ग अरुंद होतात. सुटल्यावर ज्या घरात जायचे ते घर सात वर्षांत परके झालेले असते. निकालात सात वर्षे हा आकडा सर्वांना सारखा दिसतो. पण घराशेजारची सात वर्षे आणि ८०० किलोमीटरवरची सात वर्षे या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. तुरुंगाची जागा हा शिक्षेचा पत्ता नसून शिक्षेचाच एक भाग आहे, हे मला वर्षभराच्या वाचनातून पटले. त्या मावशींना ते व्हरांड्यातच ठाऊक होते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कैद्याला घराजवळ ठेवणे नेहमी न्यायाचे असते असे नाही. गावातला दांडगा माणूस गावच्या तुरुंगात बसून साक्षीदारांना धाक घालू शकतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने खुनाच्या खटल्यातील एका खासदार आरोपीला पाटण्याच्या बेऊर तुरुंगातून थेट दिल्लीच्या तिहारला हलवले, कारण तिथे राहून त्याने तुरुंगाचे नियम धाब्यावर बसवले होते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचेही घर असते, आणि त्याला शांत झोप लागणे हाही न्यायाचाच भाग आहे. शिवाय न्यायाधीशाला रोज कुठल्या तुरुंगात किती जागा रिकामी आहे हे माहीत असणे शक्य नाही. शिक्षा सात वर्षे चालते. त्या काळात माणूस आजारी पडतो, सुधारतो, भांडतो. प्रत्येक बदलीला न्यायालयाची वाट पाहायची तर कारभार ठप्प होईल. म्हणून जागा ठरवण्याचे काम शासनाकडे असणे मुळात चूक आहे असे मी म्हणत नाही. प्रश्न एवढाच की, त्या कामावर नजर कोणाची?

न्यायालयाची नजर

येथे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मोठी मजल मारली आहे. फार पूर्वी, १९६५ साली, मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या एका मराठी लेखकाने अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले होते. हस्तलिखित बाहेर पाठवू देण्यास सरकारने नकार दिला. न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला. स्थानबद्धतेच्या अटींत जे नाही ते बंधन सरकारला आपल्या मर्जीने घालता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. मराठी पुस्तकाने मिळवलेला हा विजय आपल्या महाविद्यालयांत फारसा कोणाला ठाऊक नाही.

त्यानंतरचे मोठे नाव सुनील बात्रा खटल्याचे. तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या या कैद्याने १९७८ साली एकांतवासाविरुद्ध दाद मिळवली. एकांतवासाची शिक्षा देणे न्यायालयाचे काम आहे, तुरुंगाधिकाऱ्यांचे नव्हे, असे ठरले. नंतर त्यानेच दुसऱ्या एका कैद्याला झालेल्या अमानुष मारहाणीविषयी न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. डिसेंबर १९७९ च्या या दुसऱ्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपल्या विषयाशी थेट भिडणारी गोष्ट सांगितली. एकांत कोठडी, जादा कष्ट, खाण्यात कपात यांच्याच रांगेत त्यांनी 'शिक्षेसारखा परिणाम करणारी दुसऱ्या तुरुंगातील बदली' ही बाब बसवली आणि अशा गोष्टी सत्र न्यायाधीशांच्या तपासणीवाचून होऊ नयेत असे म्हटले. दूर पाठवणे हीसुद्धा एक शिक्षा असू शकते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले.

त्याच १९७९ साली उत्तर प्रदेशातल्या धरमबीर खटल्यात, जन्मठेपेच्या दोन तरुण कैद्यांची शिक्षा कायम ठेवताना न्यायालयाने, अटी पूर्ण होत असतील तर त्यांना खुल्या तुरुंगात ठेवावे आणि दरवर्षी काही दिवस घरी जाऊ द्यावे, असे सांगितले. शिक्षेची मुदत तीच राहिली. तिची जागा मात्र न्यायालयाच्या शब्दाने बदलली.

कच्च्या कैद्यांबाबत तर नियम उलटाच आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात निर्णय दिला. आर्थर रोडमधल्या बाँबस्फोट खटल्याच्या आरोपींना राज्यातल्या इतर तुरुंगांत हलवण्यात आले होते. न्यायालयाने सांगितले की, खटला चालू असलेला माणूस न्यायालयाच्या हुकमाने त्या तुरुंगात असतो; त्याला हलवायचे तर न्यायालयाची परवानगी हवी आणि ती परवानगी देतानाही न्यायालयाने नुसती सही न करता विचार करायला हवा. परिणामी, दोषी ठरेपर्यंत तुमची जागा न्यायाधीशाच्या हातात, आणि दोषी ठरल्याच्या क्षणापासून ती त्याच्या हातातून सुटते!

मुलांच्या बाबतीत कायदा अधिक शहाणा आहे. अठरा वर्षांखालील मुलाला तुरुंगात पाठवता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, त्याला विशेष गृहात ठेवायचे की समुपदेशन करून आईबापांच्या हवाली करायचे, याचा विचार मंडळच करते. सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी मोठ्यांसारखा खटला चालला, तरी एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला 'सुरक्षित स्थानी'च ठेवावे लागते. एकवीस वर्षांखालच्या तरुणांसाठी १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे. जन्मठेपेचे गुन्हे वगळता अशा तरुणाला तुरुंगात धाडायचे असेल, तर न्यायाधीशाला त्याची कारणे लिहावी लागतात. म्हणजे कोवळ्या वयात 'कुठे' हा प्रश्न 'किती' इतकाच महत्त्वाचा आहे, हे कायद्याला समजते. माणूस एकवीस वर्षांचा झाला की ही समज का संपावी?

राज्याच्या सीमेपलीकडे

कैद्याला दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी १९५० चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात दुसऱ्या राज्याची संमती लागते. परदेशात शिक्षा झालेल्या भारतीयाला उरलेली शिक्षा मायदेशी भोगता यावी म्हणून २००३ चा कायदा झाला. तोही मुळात घराजवळ येण्याचाच कायदा आहे.

जागा बदलली म्हणून सर्व अधिकार बदलत नाहीत, हे बिल्कीस बानो खटल्यात दिसले. गुन्हा गुजरातेत घडला, खटला मुंबईत चालला, शिक्षा मुंबईत झाली आणि कैदी पुढे गोध्र्याच्या तुरुंगात होते. गुजरात सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांना शिक्षेत सूट देऊन सोडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. जिथे शिक्षा सुनावली त्या राज्याचे सरकार, म्हणजे महाराष्ट्र सरकार, हेच सुटीचा विचार करण्यास पात्र होते, असे न्यायालयाने म्हटले. कैदी कोणत्या तुरुंगात आहे यावरून हा अधिकार ठरत नाही.

इतर देशांतही पेच हाच आहे. अमेरिकेच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश अमुक तुरुंग बरा अशी शिफारस करू शकतो, पण ती बंधनकारक नसते. निवड तुरुंग खातेच करते. मात्र २०१८ च्या कायद्याने खात्याला सांगितले की कैद्याला शक्यतो घरापासून ५०० मैलांच्या आत ठेवावे. ५०० मैल म्हणजे साधारण आपले मुंबई-नागपूर! तेवढ्या प्रचंड देशाने शेवटची रेघ जिथे ओढली, तिथे आपले एक राज्य संपते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांतही कैद्याला शक्य तितके घराजवळ ठेवावे असे सांगितले आहे.

मग मला कोण सांगणार?

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. त्या मावशी आज भेटल्या तर मी त्यांना सांगेन : मावशी, पोराला कुठे नेले हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ज्या तुरुंगात तो पहिल्यांदा गेला, तिथल्या अधीक्षकाला विचारा. लांब नेला असेल तर जवळच्या तुरुंगात आणावा असा अर्ज करा. त्यात तुमचे वय, आजार आणि गाडीभाड्याचा खर्च स्पष्ट लिहा. अर्ज लिहायला वकील लागला तर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्री म्हणून तुम्हाला आणि कैदी म्हणून त्याला, दोघांनाही १९८७ च्या कायद्याने फुकट वकील मिळतो. आणि कोणी आकसाने त्याला लांब फेकले असेल, तर उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे.

पण हे सगळे तिने एका विद्यार्थ्याच्या लेखातून शिकावे, ही काही व्यवस्था नव्हे. माझी सूचना लहान आहे. न्यायाधीशाने तुरुंग निवडू नये; परंतु शिक्षेच्या वॉरंटात कैद्याचे गाव, घरी कोण आहे आणि भेटायला कोण येणार, एवढ्या तीन ओळी लिहाव्यात. बदली करायची झाली तर त्या ओळी अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहतील. लांब पाठवलेच तर कारण लिहावे लागेल. आणि ज्या दिवशी माणूस हलेल त्या दिवशी घरी एक पत्र जाईल. याला नवा कायदा नको, नवी इमारत नको, एक रकाना वाढवलेला कागद पुरे.

त्या दिवशी व्हरांड्यात आम्ही वीस पदवीचे विद्यार्थी उभे होतो. घटनेची कलमे आम्हांला पाठ होती. त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी एकालाही येत नव्हते. पुढच्या वर्षी मंडळाची सहल पुन्हा न्यायालयात जाईल, तेव्हा जाणाऱ्यांनी हे उत्तर बरोबर घेऊन जावे, एवढ्यासाठी हा लेख लिहिला.